गाडी लागते की गाडीतला वास लागतो?

“डॉक्टर, हिला गाडी लागते. काहीतरी चांगली गोळी द्या,” असे म्हणत एक शिक्षक गृहस्थ आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन हिवाळ्याच्या सुरुवातीला माझ्या दवाखान्यात आले. महिन्यातून एकदा साताऱ्याहून पाचगणीला मुलीच्या मामाकडे जायचे, आणि घाटात हमखास उलटी. आता पसरणीच्या घाटात उलटी करणारे मूल ही काही नवलाची गोष्ट नाही. त्या घाटाची वळणे मोजण्यापेक्षा तिथे गाडी थांबवून खिडकीबाहेर माना काढलेली पोरे मोजणे सोपे. मी मुलीचे पोट पाहिले, कान पाहिले, निघण्याआधी अर्धा तास द्यायची गोळी लिहून दिली. निघताना पोट गच्च भरू नका, गाडीत पुस्तक वाचू देऊ नका, लांबवर बघायला सांगा, हे नेहमीचे सल्लेही दिले.

महिन्याने ते परत आले. गोळीने झोप आली, उलटी काही थांबली नाही. मी गोळी बदलली. तिसऱ्या महिन्यात मुलीबरोबर तिची आजीही आली होती. माझे लिहिणे चालू असताना आजी म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, रागावणार नसाल तर एक बोलू? मला त्या गाडीत रॉकेलसारखा वास येतो. मी मागे हिच्याशेजारीच बसते. ह्याला सांगितलं तर म्हणतो, आई, तुला उगीच वाटतं.”

मी लेखणी खाली ठेवली. जे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते ते तिसऱ्या महिन्यात विचारले. डोके कुठे दुखायला लागते? मुलगी म्हणाली, पाचवडला. म्हणजे पुणे-बंगळूर महामार्गावर, सरळ सपाट रस्त्यावर, घाट सुरू होण्याच्या कितीतरी आधी. शाळेच्या सहलीच्या एसटीत त्रास झाला होता का? नाही. मामाच्या गाडीत? नाही. गाडी नुसती उभी असताना आत बसलीस तर? “एकदा बाबा बँकेत गेले होते तेव्हा काचा बंद होत्या. तेव्हापण दुखलं होतं.” गुरुजींना विचारले, तुम्हाला काही जाणवत नाही? ते पुढे बसतात, त्यांची काच बोटभर उघडी असते आणि त्यांना बारा महिने सर्दी. मग शेवटचा प्रश्न, पेट्रोल कधी भरता? “पगार झाला की टाकी फुल्ल. नंतर महिनाभर बघायला नको.”

पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पाचगणी पहिल्या रविवारी. एरवी महिनाभर हीच मुलगी याच गाडीतून गावात फिरत होती, आणि तेव्हा तक्रार नव्हती किंवा असली तरी कोणाच्या लक्षात आली नव्हती. मी त्यांना औषध लिहून दिले नाही. गाडी फिटरकडे न्या आणि मागची सीट उचलून बघायला सांगा, एवढेच सांगितले.

बऱ्याच छोट्या मोटारींमध्ये पेट्रोलची टाकी मागच्या सीटच्या खाली असते. टाकीत पेट्रोल ओढणारा विजेवरचा पंप बसवलेला असतो आणि त्या पंपापर्यंत पोचण्यासाठी सीटखाली पत्र्याचे एक छोटे झाकण असते. या गाडीचा पंप दसऱ्याच्या सुमारास बदललेला होता. पंप नवा, पण टाकीच्या तोंडाशी बसणारी रबरी रिंग जुनीच, फुगलेली आणि एका जागी पिळलेली. टाकी निम्मी असताना पेट्रोल खाली राही. टाकी काठोकाठ भरली आणि गाडी चढाला लागली की पेट्रोल मागे सरकून त्या रिंगेला भिडे आणि वाफ सीटखालून थेट वर येई. थेंबसुद्धा रस्त्यावर पडत नव्हता, त्यामुळे कोणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. रिंग अगदी किरकोळ किमतीची. माझ्या दोन्ही गोळ्यांच्या पट्ट्या तिच्यापेक्षा महाग पडल्या असतील!

नाक लवकर थकते

हा प्रसंग लिहिण्याचे कारण असे की पेट्रोलचा वास ही आपण गाडीची तक्रार समजतो, प्रकृतीची समजत नाही. ‘मोटार म्हटली की थोडा वास यायचाच’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. वास्तविक आजच्या मोटारीत बसल्यावर पेट्रोलचा वास मुळीच येता कामा नये. पंपावर भरताना चार क्षण येतो तेवढाच.

पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे. शेकडो हायड्रोकार्बन द्रव्यांचे ते मिश्रण असते आणि त्यातली बरीचशी साध्या हवेत चटकन उडून जातात. बंद मोटारीत ही वाफ श्वासावाटे गेली की आधी डोके जड होते, डोळे चुरचुरतात, घशात खवखव होते, मळमळते, गरगरते. मात्रा जास्त झाली तर दारू प्यायल्यासारखी गुंगी येते, बोलणे-चालणे अडखळते. गाडी चालवणाऱ्याला असे झाले तर पुढचा धोका सांगायला नको. लहान मुले त्यांच्या वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, म्हणून एकाच गाडीत बापाला काही होत नाही आणि मुलीला उलटी होते. दम्याचे रुग्ण आणि गरोदर स्त्रिया यांनीही हा वास सहन करीत बसू नये.

या मिश्रणात बेन्झीन नावाचे एक द्रव्य असते. दीर्घकाळ, पुन्हा पुन्हा शरीरात गेल्यास ते हाडांतील मगजाला, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या कारखान्यालाच अपाय करते. रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला असून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या पेट्रोलमध्ये बेन्झीन जास्तीत जास्त एक टक्का असू शकते. पूर्वी ही मर्यादा बरीच अधिक होती. हे वाचून कोणी घाबरून रक्त तपासायला धावू नये. महिना-दोन महिने थोडा वास घेतला म्हणून कोणाला कर्करोग होत नाही. वर्षानुवर्षे रोज पेट्रोल हाताळणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पण जो धोका एका रबरी रिंगेने टळतो, तो घरातल्या मुलांनी का सोसावा?

आता नाकाविषयी. आपले नाक पेट्रोलचा वास अगदी थोड्या मात्रेत ओळखते, आग लागण्याइतकी वाफ साठण्याच्या फार आधी. निसर्गाने दिलेली ही धोक्याची घंटा आहे. परंतु ही घंटा फार वेळ वाजत नाही. तोच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणे सोडून देते. अगरबत्तीच्या दुकानात बसणाऱ्याला अगरबत्तीचा वास येत नाही, तसे. म्हणून ‘सुरुवातीला वास आला होता, मग गेला’ या वाक्यावर विश्वास ठेवू नये. वास गेलेला नसतो, नाक थकलेले असते. शिवाय २०२० आणि २०२१ च्या करोनाच्या साथीनंतर काही जणांची वासाची जाण अजून पुरती परतलेली नाही. सर्दी, नाकातले हाड, वाढते वय, तपकिरीची सवय यांनीही नाक बोथट होते. (गुरुजींच्या घरी मात्र सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीचे नाकच सर्वांत शाबूत निघाले!)

तेव्हा वास शोधायचा तर तो असा. गाडी रात्रभर काचा बंद करून उभी करा. सकाळी मोकळ्या हवेत दहा मिनिटे फिरून या आणि मग दार उघडून पहिला श्वास घ्या. तो पहिला श्वास काय सांगतो तेच खरे. एकदा पुढचे दार उघडून, दुसऱ्या दिवशी मागचे, तिसऱ्या दिवशी डिकी. शक्य असेल तर त्या गाडीत कधी न बसणाऱ्या शेजाऱ्याला हुंगायला सांगा. लोक हसतील, हसू द्या.

कधी येतो, ते आधी सांगा

डॉक्टरकडे येणारा रोगी ‘पोट दुखते’ एवढेच म्हणाला तर निदान होत नाही. जेवणाआधी की नंतर, रात्री की पहाटे, हे कळले की निम्मे काम होते. फिटरचेही तसेच आहे. ‘वास येतो’ म्हणून गाडी त्याच्या दारात सोडली तर तो चार वस्तू बदलेल आणि वास तसाच राहील. वास केव्हा येतो हे आठ-दहा दिवस ध्यानात ठेवून, जमल्यास कॅलेंडरवर खुणा करून जा.

पेट्रोल भरल्यावर एक-दोन दिवसच वास येत असेल तर संशय टाकीच्या वरच्या भागावर. सर्वांत आधी झाकण बघा. झाकणाच्या आतली रबरी कडी चिरलेली, कडक झालेली असते. त्यानंतर झाकणापासून टाकीपर्यंत जाणारी नळी आणि तिच्या क्लिपा. पावसाळ्यात चाकाने उडवलेला चिखल तिथे बसतो आणि पत्रा आतून गंजतो. मग सीटखालची ती रिंग. पंप किंवा पेट्रोलचा काटा दाखवणारे यंत्र यापूर्वी कधी काढले होते का, हे फिटरला आवर्जून सांगा.

इथे आपल्या सर्वांच्या एका सवयीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. पंपावर नळी ‘टक्’ करून आपोआप बंद होते. टाकी भरली, एवढाच त्याचा अर्थ. पण आपल्याला रक्कम राउंड फिगर करायची असते! मग पंपावरचा मुलगा थोडे थोडे आणखी भरतो, कोणी तर गाडी हलवून हवा काढतात आणि पेट्रोल गळ्यापर्यंत येते. टाकीतली वाफ हवेत जाऊ नये म्हणून आजच्या गाड्यांत कोळशाच्या दाण्यांनी भरलेला एक डबा जोडलेला असतो. इंजिन चालू झाले की त्या डब्यात साठलेली वाफ इंजिन ओढून जाळते. तो डबा वाफेसाठी आहे, पेट्रोलसाठी नाही. टाकी ओसंडेपर्यंत भरली की त्यात पातळ पेट्रोल शिरते, कोळसा भिजतो आणि मग वास थांबता थांबत नाही. भिजलेला डबा बदलायचा खर्च सुट्या पैशांच्या हिशेबापेक्षा पुष्कळ मोठा येतो.

थंडीच्या दिवसांत सकाळी इंजिन सुरू केल्यावर वास आणि पाच-दहा मिनिटांनी बंद, असे असेल तर दोष बहुधा बॉनेटखाली असतो. इंजेक्टरच्या बारीक रबरी रिंगा, पेट्रोलच्या नळीचे सांधे थंडीत आकसतात आणि इंजिन तापले की पुन्हा घट्ट बसतात. अशा वेळी वास गेला म्हणून समाधान मानू नये. तापलेल्या इंजिनाशेजारी गळणारे पेट्रोल हीच सर्वांत वाईट जागा. इंजेक्शनच्या गाडीत नळीतले पेट्रोल हवेच्या दाबाच्या तिपटीहून अधिक दाबाखाली असते. नळीला बारीक चीर पडली तरी थेंब गळत नाही, फवारा उडतो. म्हणून घरच्या घरी पाना घेऊन नळी सोडवण्याचा उद्योग कोणीही करू नये. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या अजून काही हौशी मंडळींनी सांभाळल्या आहेत. त्यांत गाडी बंद केल्यावर उष्णतेने थोडा वास येतो, पण तो बॉनेटपाशी. आत बसलेल्याला येत असेल तर तिथेही फिटर गाठावा.

पुढचा दोष की मागचा, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. आत हवा फेकणारा पंखा बाहेरची हवा घेतो ती समोरच्या काचेच्या पायथ्याशी, म्हणजे बॉनेटच्या कडेला. पंखा बाहेरच्या हवेवर ठेवल्यावर वास वाढत असेल तर उगम पुढे. पंखा बंद, काचा बंद आणि तरी मागच्या सीटवर वास असेल तर टाकी, नळ्या किंवा डिकी. फक्त चौकात, सिग्नलला, लालपरीच्या मागे उभे असतानाच वास येत असेल तर तो तुमचा नाहीच, पुढच्याचा आहे. पंखा आतल्या हवेवर घ्या.

डिकीवरून आठवले. आमच्या एका स्नेह्यांनी वासापायी दोनदा गॅरेज पालथे घातले. शेवटी कळले की फवारणी यंत्रासाठी ते शेतावर कॅनमधून पेट्रोल नेत आणि कॅन एकदा डिकीत कलंडला होता. गालिच्याखालच्या फोममध्ये मुरलेले पेट्रोल महिना-दीड महिना वास देत होते. असे झाले तर गालिचा काढून उन्हात टाकावा, दारे उघडी ठेवावीत, अत्तराच्या बाटल्या टांगू नयेत. अत्तराने वास झाकतो आणि धोका राहतो तो राहतोच. आणि प्रवाशांच्या गाडीतून कॅनमध्ये पेट्रोल नेऊच नये.

पावसाळ्यात आणि सुगीनंतर आणखी एक कारण निघते, ते म्हणजे उंदीर. इंजिनाच्या उबेला घुशी आणि उंदीर येतात आणि वायरींबरोबर पेट्रोलच्या रबरी नळ्याही कुरतडतात. आठ-पंधरा दिवस उभी असलेली गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडून पाहावे, नाकाने आणि डोळ्यांनी. नळ्या जुन्या झाल्या असतील तर त्या बदलण्याचे आणखी एक कारण सध्या आहे. आपल्याच उसापासून बनलेले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असते. एप्रिल २०२३ नंतरच्या नव्या गाड्यांचे रबर ते सोसेल अशा बेताने बनवले आहे. त्याआधीच्या, विशेषतः पंधरा-वीस वर्षांच्या गाड्यांचे रबर लवकर फुगण्याची किंवा तडकण्याची शक्यता असते. दर सर्व्हिसिंगला नळ्या दाबून बघायला सांगा.

गाडीखाली डाग पडतो का, हे पाहायला रात्री जुना पुठ्ठा अंथरावा. (हे वर्तमानपत्रही चालेल, मात्र वाचून झाल्यावर!) एसीचे पाणी बिनवासाचे आणि स्वच्छ असते, त्याला घाबरू नये. डिझेलचा डाग तेलकट राहतो आणि दोन-तीन दिवस वास देतो. पेट्रोल मात्र सकाळपर्यंत उडून गेलेले असते. म्हणून डाग नाही म्हणजे गळती नाही, असे समजू नका. आणि अंधारात बघताना काडी, मेणबत्ती, लायटर यांचा विचारसुद्धा करू नका. हे सांगावे लागते, कारण काडी ओढून बघणारे मी पाहिले आहेत.

जमिनीलगत चालणारा धोका

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी जमिनीलगत पसरते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ मिसळली तरी एक ठिणगी पुरते. आपल्याकडे नव्या बंगल्यांत खाली गाडी, शेजारी न्हाणीघर आणि त्यात गॅसचा गीझर अशी रचना सर्रास असते. इन्व्हर्टरची बॅटरी, मोटारपंपाचे बटन, देवघरातली समई, यांतले काहीही निमित्त होऊ शकते. गाडीला वास येत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत ती उघड्यावर उभी करावी. तळमजल्यावर बंद शटरमागे ठेवू नये.

रस्त्यात अचानक उग्र वास आला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सर्वांना उतरवा आणि लांब नेऊन उभे करा. पुन्हा चावी फिरवून ‘बघू या काय ते’ असे करू नका. बॉनेटमधून धूर दिसला तर बॉनेट उघडू नका. ११२ वर फोन करा. कोणी गुंगीत असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८.

सीएनजीच्या गाड्या आता गावोगावी झाल्या आहेत, त्यांचा प्रकार थोडा निराळा. या वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम सडक्या कोबीसारखा वास घातलेला असतो. तो हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो, पण बंद डिकीत कोंडून राहतो. सिलिंडरमध्ये तो सुमारे २०० पट दाबाखाली असतो, म्हणून दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाबचाचणी करून घेणे बंधनकारक आहे. ती चुकवून नुसता शिक्का मिळवणाऱ्यांची मला फार भीती वाटते. सांध्यावर साबणाचा फेस लावला की बुडबुडे गळतीची जागा दाखवतात. पण हेही काम जाणत्या माणसाचे.

आणि एक धोका असा, ज्याला वासच नाही. सायलेन्सरची नळी फुटली किंवा डिकीच्या दाराचे रबर गेले तर इंजिनाचा धूर आत येतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड नाकाला कळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो आणि शरीर आतल्या आत गुदमरते. गाडीतल्या सगळ्यांचेच एकदम डोके दुखू लागले, सगळेच पेंगू लागले तर काचा उघडा, उतरा आणि इस्पितळात जाऊन ऑक्सिजन घ्या. बंद गॅरेजमध्ये इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपणे म्हणजे जीव गहाण टाकणे.

तोंडाने पेट्रोल ओढू नका

गळती निघाली की टाकी रिकामी करावी लागते, आणि तिथेच एक अपघात घडतो. फिटरचा हाताखालचा पोरगा नळी टाकीत घालतो आणि दुसरे टोक तोंडात धरून पेट्रोल ओढतो. स्कूटरमधून मोटारसायकलमध्ये पेट्रोल घेताना आपणही हे करतो. घोटभर पेट्रोल पोटात गेले तर फारसे बिघडत नाही. पण पेट्रोल पाण्यापेक्षा पातळ असल्याने ठसका लागताच ते श्वासनळीत उतरते आणि फुप्फुसाला रासायनिक सूज येते. पहिला तासभर माणूस ठीक दिसतो, नंतर खोकला, ताप आणि धाप सुरू होते. अशा वेळी मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी काढणे हा सर्वांत घातक उपाय, कारण उलटीबरोबर पेट्रोल दुसऱ्यांदा फुप्फुसात जाते. काहीही न पाजता, भिजलेले कपडे काढून, कातडी साबणपाण्याने धुऊन रुग्णाला सरळ इस्पितळात न्यावे. लक्षणे नसली तरी काही तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावे. पेट्रोल उपसायला हातपंप मिळतो, तो फिटरकडे नसेल तर त्याला घ्यायला लावा. आणि घरात पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून ठेवू नका. मूल बाटली ओळखते, आतले ओळखत नाही.

फिटर मंडळी हातावरचे ग्रीस पेट्रोलने धुतात. त्याने कातडीचे तेल निघून जाते, भेगा पडतात, इसब होते आणि थोडे पेट्रोल कातडीतून आतही जाते. आमच्या दवाखान्यात असे हात नेहमी दिसतात. खोबरेल तेल चोळून मग साबण लावला तरी ग्रीस निघते.

गुरुजींच्या गाडीची रिंग बदलल्यावरही आठवडाभर मंद वास येत होता. सीटच्या फोममध्ये मुरलेला तो. दोन रविवार सीट अंगणात उन्हात पडली होती. फेब्रुवारीत टाकी भरून (या वेळी ‘टक्’ झाल्यावर थांबून) ते पाचगणीला जाऊन आले. मुलीने घाटात दोनदा खायला मागितले, एवढीच काय ती तक्रार. परवा आजी रक्तदाब दाखवायला आल्या होत्या. पिशवीतून उरलेल्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, “ह्या कुणाला तरी द्या, पण आधी गाडी हुंगायला सांगा.”